डावीकडे कललेली होडी

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर थोडं हसतच वाचत आले आहे. महाडच्या एका शाळेत मी मराठी शिकवायचे. शाळेचं वाचनालयही माझ्याकडेच असे. ऑफ तासाला मुलं भुताखेतांच्या गोष्टी रंगवायला लागली की माझा प्रश्न ठरलेला — "तू स्वतः पाहिलंस, की काकाच्या मित्राने पाहिलं?" बहुतेक वेळा काकाचा मित्रच निघायचा.

आमचे हे तर माझ्याही पुढे. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळायचे. माल काट्यावर चढल्याशिवाय तो आला असं मानायचं नाही, ही तिथली सवय त्यांनी घरीही आणली होती. आंबेनळी घाटातल्या अमक्या वळणावर बाई दिसते असं कुणी सांगायला लागलं, की हे सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे आणि शेवटी विचारायचे, "वजन किती भरलं?"

म्हणूनच हे लिहायला मला वर्ष लागलं. जे लिहिते आहे ते मी स्वतः पाहिलेलं आहे — दिवसाउजेडी, चष्मा लावून, माझी मुलगी आणि होडीवाला असे दोघे सोबत असताना. वाचून कुणी हसलं तर राग येणार नाही. मीही हसलेच असते.

आधी माणसं सांगते.

हे मूळचे पोलादपूरकडचे. सावित्री नदी डोंगर उतरून जिथे जरा दम घेते, तिथल्या एका वाडीतले. आई लवकर गेली; ह्यांना वाढवलं ते मोठ्या बहिणीने, आक्कांनी. मग आक्कांचं लग्न झालं आणि त्या त्याच नदीच्या पार खालच्या अंगाला गेल्या — महाड सोडून, दासगाव सोडून, खाडीकाठच्या एका गावात. हे तेव्हा अगदी लहान होते. आपल्या दारची नदीच पुढे आक्केच्या दारावरून जाते, एवढं त्यांना कुणीतरी सांगितलं. त्या नारळीपौर्णिमेला त्यांनी एक नारळ नदीत सोडला. आक्केसाठी. मग दरवर्षी सोडत राहिले. आक्का माहेरी आल्या की पहिला प्रश्न, "नारळ पोचला?" आणि आक्का म्हणायच्या, "पोचला हो, रघू. ग्वाड व्हता."

एकही नारळ कधी पोचला नव्हता, हे आक्कांनीच मला पुढे सांगितलं. ह्यांनाही ते ठाऊक असणार. तरी साठी उलटल्यावरसुद्धा भेट झाली की हे दोन वाक्यांचं नाटक व्हायचंच.

भाऊबीजेला आम्ही आक्कांकडे होडीने जायचो. रस्ता आहे, पूल आहे, गाडीने केव्हाच पोचता येतं. पण नदीकाठच्या माणसाकडे नदीनेच जावं, हा ह्यांचा हट्ट. दासगावच्या गणपततात्यांची होडी ठरलेली असे. तात्यांची मुलगी माझ्या हाताखालून शिकून गेलेली, त्यामुळे मी 'बाई' आणि हे 'साहेब'.

होडीत माणसं कुठे बसवायची हे होडीवाला ठरवतो. लहान होडी, एका बाजूला वजन जास्त झालं की ती कलते. मग दुसऱ्या बाजूला वाळूच्या गोण्या ठेवतात. त्याला भार म्हणतात. आमचे हे अंगाने भलतेच भक्कम, आणि मध्ये बसायला सांगितलं तर अपमान झाल्यासारखं तोंड करायचे. आक्कांचं गाव जाताना डाव्या तीरावर लागतं, म्हणून हे डावीकडच्या फळीवर, मागच्या अंगाला, डोक्यावर काळी छत्री उघडून. मी समोर उजवीकडे, पुस्तक घेऊन. माझ्या पायाशी दोन गोण्या. एवढं करूनही होडी डावीकडे झुकलेलीच असायची.

"सायब, मधी सरा जरा. मगरी हायत हितं."

"मगर मला बघून दुसरी होडी शोधेल, तात्या."

"मंग आजून दोन गोण्या घ्याव्या लागतील. माज्याकडं येवडी वाळू नाय!"

"बाई आहेत की. बाई आणि त्यांची पुस्तकं — भार पुरे झाला."

दरवर्षी हेच बोलणं, आणि दरवर्षी दोघे नवीन असल्यासारखे हसायचे.

तिकडे आक्का दुपारपासून गावच्या धक्क्यावर खुर्ची टाकून बसायच्या. कानांनी त्यांना फार कमी ऐकू येतं. डोळे मात्र घारीचे. वरच्या वळणावरून होडी निघाली की तिच्या कलावरूनच ओळखायच्या. "बाकीच्यांचं भाऊ सरळ येतात. माजा तिरपा येतो," हे साऱ्या गावाला ऐकवून झालेलं.

गेल्या वर्षी आषाढात हे गेले. दुपारचा चहा प्यायले, कप खाली ठेवला, आणि... तेवढंच. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

त्याच्या थोडे दिवस आधी आक्का अंगणात घसरल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं, हृदय नाजूक आहे असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आक्कांचा मुलगा दिलीप अंत्यविधीला आला तेव्हा माझ्यापुढे हात जोडून म्हणाला, "मामी, आत्ता आईला नको सांगूया. उठून बसू दे. मग मी सांगतो."

आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. आमच्याकडे हे असंच चालतं. म्हाताऱ्या माणसाला वाईट बातमी द्यायची ती दुधात साखर विरघळल्यासारखी, कळूच नये अशी. ते 'मग' काही आलं नाही. पाऊस फार आहे, रस्ता खचलाय, मामांचे गुडघे दुखतायत... मामा भेटायला का येत नाहीत याचं एकेक कारण दिलीप आक्कांपुढे सरकवत राहिला.

दिवाळीच्या तोंडावर त्याचा फोन आला.

"मामी, आई काठी धरून चालायला लागली. भाऊबीजेचं ताट स्वतः घासलंय तिने. रोज विचारते, रघू येतोय ना. माझं तोंडच उघडत नाही. तुम्ही याल का? डॉक्टरांना मी सांगून ठेवलंय, काही झालं तर—"

मी "येते" म्हणाले आणि फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ ओट्यापाशी उभी राहिले. मी बातमी सांगणार, आणि 'काही झालं तर' ते माझ्या तोंडच्या शब्दांनी होणार. ह्यांना जिने अंगाखांद्यावर वाढवलं, तिला.

माझी मुलगी मुक्ता पुण्याहून आली होती. ती मेकॅनिकल इंजिनिअर. प्रश्न दिसला की उत्तर हवं. "आई, गाडी काढते. पटकन जाऊ, सांगू, तिच्याजवळ राहू."

"होडीने जाऊ," मी म्हटलं.

"आज? कशाला?"

"मला वाक्य तयार करायला वेळ हवाय."

आयुष्यभर मुलांना वाक्यरचना शिकवली, आणि ते एक वाक्य मला जुळत नव्हतं. 'आक्का, एक वाईट बातमी आहे' — परीक्षेच्या पेपरातल्यासारखं वाटे. 'आक्का, हे आता येणार नाहीत' — म्हणजे कधी येतील असं त्या विचारणार. आणि शेवटचा शब्द तर माझ्या घशातून घरातसुद्धा बाहेर पडलेला नव्हता.

निघताना मी एक पिशवी घेतली. त्यात आक्कांसाठी साडी होती. ह्यांनी मे महिन्यातच महाडच्या बाजारातून आणून ठेवलेली. छत्री दाराच्या कोपऱ्यात उभी होती. तिला मी हात लावला नाही. कपाळावर टिकली होती, कारण ती काढायची नाही असं ह्यांनी हसत हसत कधीच बजावून ठेवलं होतं. म्हणजे माझ्याकडे बघून आक्कांना काही कळण्यासारखं नव्हतं. सगळं त्या वाक्यावरच होतं.

दासगावला पोचलो तेव्हा भरती पुरी होऊन पाणी नुकतं परतायला लागलं होतं. उतरत्या पाण्याबरोबर होडी सोडायची, म्हणजे ती अलगद खाली जाते. तात्या धक्क्यावर उभे होते. ते दहाव्याला येऊन गेले होते, त्यामुळे काही विचारायचं नव्हतं. मुक्ताचा हात धरून तिला आत घेतलं, मला घेतलं.

"मधी बसा बाई. ताई, तुमी आईच्या म्होरं, मधीच." मग इंजिनाकडे वळता वळता, आमच्याकडे पाठ करून म्हणाले, "गोण्या काडून ठेवल्या घरी. आता कुटं लागायच्यात."

होडी निघाली. सरळ, पाण्यावर पान ठेवावं तशी.

मला वाटलं होतं मला काहीच दिसणार नाही. पण ती नदी आपल्याला विचारून सुंदर नसते. दोन्ही तीरांवर पिवळी पडलेली भाताची खाचरं, कुठे कापणी झालेली, कुठे उभी. पाण्याच्या कडेने तिवरांची दाट हिरवी झालर, त्यावर बगळे. मागे वळून पाहिलं तर डोंगर एकामागे एक, शेवटचा अगदी फिकट निळा; तिकडेच कुठेतरी ह्यांची वाडी. काठावरच्या एका वस्तीत कुणीतरी लाऊडस्पीकरवर गाणी लावली होती आणि एक बाई गुडघाभर पाण्यात उभी राहून पितळी भांडी घासत होती. तिने हात हलवला. मुक्ताने हलवला. मी वाक्य जुळवत होते.

पहिलं मोठं वळण मागे पडलं आणि होडी डावीकडे बसली.

त्याला दुसरा शब्द नाही. हेलकावली नाही, झटका नाही. कुणी सवयीचं माणूस सावकाश फळीवर टेकावं तशी डावी कड खाली गेली आणि तिथेच राहिली. माझ्या पायाशी ठेवलेली पाण्याची बाटली हळूच गडगडत डावीकडे गेली.

"बाई, मधी सरा," तात्या म्हणाले.

"मी मध्येच आहे."

"ताई, तुमी उजवीकडं व्हा बघू."

मुक्ता उजव्या फळीवर जाऊन बसली. काही फरक नाही. तात्यांनी इंजिन बंद केलं. तळाची फळी उचलून पाहिलं. एखाद वेळी फट पडून एका बाजूला पाणी साचतं. आत कोरडं ठणठणीत होतं. मग लांब बांबू घेऊन डाव्या अंगाने होडीच्या खालून पुढून मागे फिरवला. जाळं, ओंडका, दोर, काहीतरी अडकलं असेल म्हणून. बांबू मोकळाच बाहेर आला.

"वारा असेल," मुक्ता म्हणाली.

"वारा समोरून हाय, ताई."

"मग प्रवाह."

तात्यांनी बांबू आडवा ठेवला. इंजिन चालू केलं. पुढे नदी उजवीकडे वळली, मग डावीकडे. वारा एकदा या गालाला लागला, एकदा त्या. होडीचा कल मात्र तसाच. मुक्ता कडेला वाकून पाणी फळीच्या किती खाली आहे ते बोटं लावून बघत होती — डावीकडे चार बोटं, उजवीकडे वीतभर. पुन्हा पुन्हा बघत होती.

"तात्या, होडी जुनी झालीय तुमची," ती जरा चढ्या आवाजात म्हणाली.

"जुनी हाय. पन ही चाल..." तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "ताई, मी येडा नाय. भर दुपारची दारू पीत नाय. पन ही चाल मी दर भाऊबीजेला चालवलीया."

मुक्ता एकदम रडायला लागली. बाबा गेल्यापासून ती माझ्यासमोर रडली नव्हती; कागदपत्रं, बँक, माझी औषधं, सगळं सरळ रेषेत करत होती. आता लहान मुलीसारखी हुंदके देत रडली, आणि गंमत म्हणजे रडता रडताच म्हणाली, "बाबा, मधे सरका ना..."

मी डाव्या फळीवर हात ठेवून पाहिला. खोटं लिहिणार नाही. काहीही जाणवलं नाही. गारवा नाही, वास नाही, स्पर्श नाही. उन्हाने तापलेलं लाकूड, बस्स. ज्याला अनुभव म्हणतात तसं माझ्या अंगाला काहीच झालं नाही. पण मी उठले आणि दरवर्षीच्या माझ्या जागी, समोर उजवीकडे जाऊन बसले. पिशवीत सवयीने टाकलेलं पुस्तक होतं, ते काढून मांडीवर घेतलं. वाचलं नाही. मुक्ता माझ्याजवळ येऊन बसली. आषाढापासून छातीत एक दगड होता तो होता तिथेच होता, पण त्याचं ओझं आता मी एकटी उचलत नव्हते असं वाटलं. आणि माझ्या लक्षात आलं की मी वाक्य जुळवायचं थांबले आहे. आम्ही तिघं-चौघं तसेच, तिरपे, न बोलता खाली जात राहिलो. इतकी सुंदर नदी मी त्याआधी पाहिली नव्हती. नंतरही नाही.

शेवटचं वळण आलं तेव्हा मी भानावर आले.

दूर धक्क्यावर खुर्ची दिसली. खुर्चीत आक्का. मागे दिलीप. आणि आक्का काठीवर जोर देऊन उठून उभ्या राहिल्या. कपाळाशी हात नेऊन आमच्याकडे बघायला लागल्या.

त्यांना कललेली होडी दिसली होती!

सगळ्यात क्रूर तेच झालं असतं — भाऊ आला म्हणून त्या आनंदाने उभ्या राहणार, आणि होडी लागल्यावर आतून उतरणार मी आणि ते वाक्य. "तात्या, सरळ करा," मी ओरडले, "कशीही करून सरळ करा!" मी, मुक्ता, दोघी उजव्या कडेला टेकलो. तात्या एका हाताने सुकाणू धरून स्वतः उजवीकडे झुकले. होडी ढिम्म हलली नाही. तशीच तिरपी, तशीच ऐटीत, धक्क्याकडे चालत राहिली.

धक्क्याला टेकलो. तात्यांनी दोर फेकला, दिलीपने धरला. आणि तात्यांनी, इतक्या वर्षांच्या सवयीने, डावीकडे हात पुढे केला; साहेबांना उतरायला द्यायचे तसा. हात पुढे गेल्यावर त्यांना कळलं आपण काय करतोय, पण त्यांनी तो मागे घेतला नाही.

होडीची डावी कड उचलली गेली. सावकाश. दोनदा झुलली, आणि सरळ झाली.

धक्क्याच्या दगडांवर पाणी चुबुक चुबुक वाजत होतं. मी उतरले, आक्कांपुढे उभी राहिले. तोंड उघडलं. "आक्का..."

"नको सांगू, शालू." त्यांनी माझं मनगट धरलं. पकड घट्ट होती. "कळलं गो मला."

"आई—" दिलीप पुढे झाला.

"तू गप ऱ्हा रे. चार म्हयने तोंड लपवतोयस. मला ऐकू कमी येतंय, दिसत नाय असं नाय." मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, "आषाढापास्नं समदी माज्याशी ग्वाड बोलाया लागली. तवाच मनात आलं व्हतं. पन मन म्हनायचं, नाय, भाऊबीजेला बघू. सरळ होडी आली तर समजायचं. आन आज होडी वळली ती तिरपी. म्हटलं, आला बया माजा रघू!" त्या थांबल्या. श्वास घेतला. "मंग बघितलं... छत्री नाय."

मी रडायला लागले. धीर द्यायला आले होते मी, आणि त्या काठी दिलीपच्या हातात देऊन माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. म्हणाल्या, "सरळ आली असती होडी, तर मी हितंच पडले असते गो. पन आला ना तो. शेवटची भाऊबीज बुडवली नाय."

मुक्ता पुटपुटली, "आत्या, आम्ही तिघंच होतो होडीत."

"मोजता मलाबी येतंय," आक्का म्हणाल्या.

मग त्यांनी ताट मागितलं. खुर्चीशेजारी स्टुलावर झाकून ठेवलं होतं. कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी, निरांजन. दिलीपने वाऱ्याला हाताचा आडोसा करून वात लावली. आक्कांना धक्क्याच्या कडेला धरून नेलं. त्यांनी वाकून होडीच्या डाव्या कडेच्या लाकडाला कुंकवाचं बोट लावलं, अक्षता टाकल्या, आणि त्या रिकाम्या फळीपुढे निरांजन ओवाळलं. तात्या उघड्या डोक्याने उभे होते. ओवाळून झाल्यावर आक्का पाण्याकडे बघत, कुणाला तरी जवळून सांगावं तसं म्हणाल्या,

"पोचला हो, रघू."

मी पिशवीतून साडी काढून त्यांच्या हातात दिली. "ह्यांनीच आणली होती. मे महिन्यात." त्यांनी घडी न मोडता ती छातीशी धरली. रंग बघितला आणि नाक मुरडलं. "परत आमसुली! किती येळा सांगितलं ह्याला." आणि आम्ही सगळेच, रडतारडता, हसलो.

संध्याकाळी अंगणात बसलो होतो. खाडीच्या तोंडाकडे आभाळ तांबडं होतं आणि त्यात बीजेची कोर, अगदी बारीक, उमटली होती. ज्या बाईला भाऊ नसतो ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते, ही आपल्याकडची रीत. शेजारची एक सून ताट घेऊन आली आणि दबकत म्हणाली, "आज्जी, चंद्र दिसतोय. ओवाळून घ्या."

"म्होरल्या वर्षापास्नं," आक्का म्हणाल्या. "आज कशाला? आज भाऊ आला व्हता."

त्यांच्या हृदयाला काही झालं नाही. डॉक्टरांना फोन करावा लागला नाही. रात्री भाकरी खाल्ली, झोपल्या. पहाटे उठून एकट्याच मोठ्याने रडल्या, आणि मग चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच होडीने परत आलो. त्याच जागांवर बसून. होडी सगळा वेळ सरळ होती. मुक्ताने पुण्याला गेल्यावर खूप डोकं चालवलं. होडीच्या तळाचा आकार, इंजिनाचा जोर, पाण्याखालचे प्रवाह... एकेक कारण फोनवर सांगायची आणि स्वतःच खोडायची. कारण जे काही असेल ते जाताना होतं आणि येताना नव्हतं, वळणानंतर आलं आणि धक्क्यावर उतरलं. आता ती कारणं शोधत नाही. मला मात्र रोज रात्री फोन करते, आणि बाबांबद्दल बोलते. तेही आधी होत नव्हतं.

यंदाच्या भाऊबीजेला पुन्हा गेलो. या वेळी मी छत्री घेतली. तात्यांनी होडीला नवा रंग दिला आहे. जाताना मी मुद्दाम डाव्या फळीवर बसले, आणि शेवटच्या वळणावर छत्री उघडून धरली. आक्कांनी खुर्चीतूनच हात वर केला. होडी पूर्ण प्रवासभर सरळ होती. मी वाट बघितली नाही असं म्हणणार नाही. संध्याकाळी आक्कांनी चंद्राला ओवाळलं, आणि मला शेजारी बसवून करंजी खायला लावली.

मी अजूनही भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. त्या दिवशी काय झालं ते मला माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर जरूर कळवावं, मी मन लावून वाचेन. एवढंच म्हणते की जी बातमी माझ्याच्याने उचलवत नव्हती, ती कुणीतरी माझ्याबरोबर उचलून पोचवली, आणि जिला द्यायची तिला ती जपून दिली. त्याबद्दल कुणाचे आभार मानायचे ते न कळून मी इथे लिहिते आहे.

हे असते तर सगळं शांतपणे ऐकून घेतलं असतं, आणि शेवटी विचारलं असतं, "वजन किती भरलं?"

या वेळी मला उत्तर देता आलं असतं. वाळूच्या दोन गोण्या, मी, आणि माझी पुस्तकं. वर थोडं अजून.